गरम झाल्यावर बिघडणारे इंजिन: कूलंट तापमान सेन्सरच्या कपलरला चढलेल्या कळंकाचे निवारण

गाडी सकाळी पहिल्या चावीत सुरू होते, पहिले काही किलोमीटर कोणतीही तक्रार नसते, आणि इंजिन पूर्ण गरम झाले की मात्र आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाचे संथ फिरणे) खालीवर होऊ लागते, धुराला कच्च्या पेट्रोलचा वास येतो आणि मायलेज हळूहळू उतरत जाते. गरम इंजिन दहा-पंधरा मिनिटे बंद ठेवून पुन्हा सुरू करायला गेल्यास स्टार्टर नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरवावा लागतो. रेडिएटरचा पंखा एक तर फार उशिरा लागतो, नाही तर चावी ऑन करताच इंजिन थंड असूनही पूर्ण वेगाने फिरू लागतो. चेक इंजिनचा दिवा कधी लागतो, दोन दिवसांनी आपोआप विझतो आणि पावसाळी हवेत किंवा इंजिन धुतल्यानंतर पुन्हा लागतो. स्कॅनर (गाडीने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारे यंत्र) लावल्यास पी-०११८, पी-०११९ किंवा पी-०१२८ यांपैकी कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, तापमानाशी संबंधित एखादा कोड मिळतो, आणि कित्येकदा एकही कोड मिळत नाही.

यांपैकी दोन-तीन लक्षणे एकत्र दिसली की बहुतेक ठिकाणी आधी सेन्सर बदलला जातो, त्याने काम झाले नाही की थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) बदलला जातो, आणि महिनाभराने गाडी तीच तक्रार घेऊन परत येते. हा दोष मी अनेक गाड्यांवर दुरुस्त केला आहे आणि त्यांतल्या बहुतेक ठिकाणी सेन्सर धडधाकट होता. बिघाड होता तो सेन्सर आणि वायरिंग यांना जोडणाऱ्या प्लास्टिकच्या कपलरमध्ये, पिनेवर चढलेल्या कळंकात. म्हणून एकही सुटा भाग विकत घेण्यापूर्वी पुढील तपासण्या याच क्रमाने कराव्यात.

दोष गरम इंजिनावरच का दिसतो

ही गोष्ट नीट समजली तर पुढची प्रत्येक तपासणी आपोआप समजते, त्यामुळे येथे थोडे थांबणे योग्य ठरेल. कूलंट तापमान सेन्सर हा तापमान वाढेल तसा रोध (विजेला होणारा अडथळा) कमी होणारा घटक असतो. अनेक गाड्यांमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारच्या सेन्सरचा रोध २० अंश सेल्सिअसला सुमारे २,५०० ओहम, ८० अंशांना सुमारे ३२० ओहम आणि १०० अंशांना सुमारे १८५ ओहम असतो. ईसीयू, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, आपल्या आतील एका ठरावीक रोधातून या सेन्सरला ५ व्होल्ट पुरवतो आणि सेन्सरवर किती व्होल्ट उरतात यावरून तापमानाचा हिशेब करतो. मध्ये कळंकामुळे १०० ओहमची भर पडली तर ती भर सेन्सरची आहे की जोडाची, हे ओळखण्याचा कोणताही मार्ग ईसीयूकडे नसतो.

आता हेच १०० ओहम वेगवेगळ्या तापमानांना काय करतात ते पाहावे. इंजिन थंड असताना २,५०० चे २,६०० ओहम झाले तर तापमानाच्या हिशेबात जेमतेम एका अंशाचा फरक पडतो आणि तो कोणाच्या लक्षातही येत नाही. परंतु इंजिन ९० अंशांवर असताना सेन्सरचा रोध सुमारे २४५ ओहम असतो. त्यात १०० ची भर पडून तो ३४५ झाला की ईसीयूला कूलंट सुमारे ७८ अंशांवर असल्याचे दिसते. इंजिन अजून गरम व्हायचे आहे असे समजून ईसीयू जास्त पेट्रोल देतो. तापमान अपेक्षेइतके चढत नाही असे त्याला वाटले की पी-०१२८ हा कोड उमटतो, आणि त्या कोडच्या वर्णनात थर्मोस्टॅटचे नाव असल्यामुळे दोष नसलेला थर्मोस्टॅट बदलला जातो.

याहून गंभीर बाब पंख्याची आहे. पंखा ईसीयूच्या हिशेबाने ९७ अंशांना लागणार असेल, तर १०० ओहमची भर असलेल्या जोडात ईसीयूला ९७ अंश दिसेपर्यंत खरे तापमान १२० अंशांच्या पलीकडे गेलेले असते. तोपर्यंत इंजिन धोक्यात आलेले असते. पूर्ण तुटलेला जोड ईसीयू ओळखतो, कोड नोंदवतो आणि बहुतेक गाड्यांमध्ये खबरदारी म्हणून पंखा सतत चालू ठेवतो. अर्धवट खराब झालेला जोड मात्र पटण्यासारखे पण चुकीचे तापमान सांगत राहतो. म्हणून कोड नाही याचा अर्थ दोष नाही, असा निष्कर्ष काढू नये.

हात घालण्यापूर्वी

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम इंजिनातील कूलंट दाबाखाली असते. टाकीचे किंवा रेडिएटरचे झाकण उघडल्यास किंवा सेन्सर सैल केल्यास ते उसळून भाजू शकते. विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही, आणि विशेषतः या सेन्सरचा कपलर काढून चावी ऑन केल्यावर, अचानक सुरू होऊ शकतो. बोटे, बाह्या आणि वायरी त्याच्यापासून दूर ठेवाव्यात. स्कॅनरमध्ये दिसणारे कोड कागदावर लिहून ठेवावेत, कारण पुढे बॅटरी सोडवावी लागल्यास ते पुसले जातील.

पहिली तपासणी: उघडायचे काहीच नाही

गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, सकाळी इंजिन सुरू न करता चावी ऑन करावी आणि स्कॅनरवर कूलंटचे तापमान आणि इंजिनात येणाऱ्या हवेचे तापमान शेजारी शेजारी पाहावे. रात्रभरात दोन्ही एकाच पातळीवर आलेली असल्यामुळे त्यांच्यात दोन-तीन अंशांहून जास्त फरक असू नये. फरक १०-१५ अंशांचा असेल तर जोडातली भर मोठी आहे किंवा सेन्सर बिघडला आहे. दोन्ही आकडे जुळले, तरी वर सांगितलेल्या कारणामुळे कपलर निर्दोष ठरत नाही. फक्त दोष असलाच तर तो काहीशे ओहमच्या आतला आहे एवढेच कळते. हवेचे तापमान ठीक आणि कूलंटचे मात्र उणे ४० अंश दिसत असेल, तर परिपथ कुठे तरी पूर्ण तुटलेला आहे आणि शोध बराच सोपा झाला आहे.

त्यानंतर डोळ्यांनी पाहणी करावी. कपलरच्या वर कूलंटची गळती आहे का, पाण्याचे डाग वाळून पांढरा थर बसला आहे का, वायरी उंदरांनी कुरतडल्या आहेत का, कपलरचे लॉक तुटल्यामुळे तो अर्धवट बाहेर आला आहे का, हे टॉर्चच्या उजेडात पाच मिनिटांत कळते. लॉक तुटलेला कपलर वरून नीट बसलेला दिसतो, पण इंजिनाच्या थरथरीने तो आत सतत घासत राहतो. तो हलकेच दाबल्यावर टिकटिक असा आवाज होऊन आत सरकला, तर दोषाचे कारण बहुधा सापडलेच.

दुसरी तपासणी: चालू इंजिनावर कपलर हलवून पाहणे

इंजिन सुरू करून कामाच्या तापमानापर्यंत गरम होऊ द्यावे, स्कॅनरवर कूलंट तापमानाचा आलेख लावावा, आणि पट्टे व पंखा यांपासून हात दूर ठेवून कपलर आणि त्यामागची वायर हलके हलवावी. खेचू नये, पिरगाळू नये. फक्त दाबावे, किंचित वर-खाली करावे आणि प्रत्येक हालचालीनंतर दोन सेकंद थांबावे. कूलंटचे खरे तापमान इतक्या लवकर बदलू शकत नाही, त्यामुळे हात लावताच आकडा उडाला तर तो जोडाचाच दोष असतो. या तपासणीला पैसे लागत नाहीत, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त निदाने हिच्यामुळेच झाली आहेत.

एका गाडीचे उदाहरण येथे देतो. सेन्सर दोनदा आणि थर्मोस्टॅट एकदा बदलून झाला होता. २० मिनिटे चाललेल्या इंजिनावर स्कॅनर ७३ अंश दाखवत होता, पण वरची रेडिएटर नळी हात क्षणभरही ठेवता येणार नाही इतकी तापली होती. कपलरच्या पाठीवर अंगठा ठेवून मी तो हलका दाबला आणि आकडा त्याच क्षणी ८९ झाला. अंगठा काढताच तो ७४ वर आला. पुन्हा दाबला, पुन्हा ८९. इंजिन थंड झाल्यावर कपलर उघडला, तेव्हा दोनपैकी एकाच मादी (वायरिंगच्या बाजूच्या, पोकळ) पिनेच्या तोंडाशी खसखशीच्या दाण्याएवढा हिरवा कण होता आणि समोरच्या नर (सेन्सरच्या बाजूच्या, भरीव) पिनेवर त्याच जागी काळा ठिपका पडला होता. दुसरी पिन स्वच्छ होती. सेन्सर बदलताना हा कपलर प्रत्येक वेळी हातात आलेला होता, पण त्याच्या आत कोणी पाहिले नव्हते.

तिसरी तपासणी: कपलर उघडून आत पाहणे

चावी बंद करून, लॉक पूर्ण दाबून, प्लास्टिकच्या अंगाला धरून कपलर काढावा. वायर धरून ओढल्यास आतली पिन मागे सरकते. जुने प्लास्टिक उष्णतेने ठिसूळ झालेले असते, म्हणून लॉक स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये. बऱ्याच कपलरांना मुख्य लॉकखेरीज एक लहान रंगीत सुरक्षा लॉकही असते, ते आधी सरकवावे लागते.

आत काय दिसते त्यावरून कारण ओळखता येते. हिरवट किंवा निळसर कळंक म्हणजे वरची कल्हई जाऊन आतले तांबे उघडे पडले आहे आणि तिथपर्यंत पाणी पोहोचले आहे. पांढरी भुकटी असेल तर ओलावा आलेला आहे, पण तांब्याला अजून फारशी इजा झालेली नाही. ओलावा अजिबात नाही आणि पिनेच्या मधोमध फक्त काळे, मंद ठिपके आहेत, तर ते थरथरीमुळे झालेले घासणे आहे. पिना एकमेकींवर केसाइतक्या सरकत राहतात, कथलाचा बारीक चुरा हवेत काळवंडतो आणि तोच चुरा विजेला अडवतो. असा कपलर पहिल्या नजरेला चांगला वाटतो, म्हणून भिंग घेऊन पाहावे. आत ओले, चिकट, हिरवे किंवा गुलाबी द्रव असेल तर ते कूलंट आहे. ते सेन्सरच्या अंगातून झिरपून येथे पोहोचले आहे, आणि अशा वेळी सेन्सर बदलावाच लागतो.

रबरी सील जागेवर आहे का हेही याच वेळी पाहावे. सेन्सर बदलताना जुने सील जुन्या सेन्सरलाच चिकटून निघून जाते आणि नवीन जोड सीलशिवाय बसवला जातो, हे मी वारंवार पाहिले आहे. मग नवीन सेन्सरवरही एका पावसाळ्यात कळंक चढतो.

चौथी तपासणी: वायरिंगला प्रश्न विचारणे

येथे एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. कपलर काढून, चावी ऑन करून, वायरिंगच्या बाजूला मल्टीमीटर लावला जातो, ५ व्होल्ट दिसतात आणि वायरिंग चांगले आहे असे ठरवले जाते. डिजिटल मल्टीमीटर मोजताना जवळजवळ शून्य प्रवाह घेतो, आणि प्रवाहच नसेल तर हजार ओहमच्या कळंकापलीकडेही पूर्ण ५ व्होल्ट दिसतात. या मापनाने वायर पूर्ण तुटलेली नाही एवढेच सिद्ध होते.

त्यापेक्षा ईसीयूला माहीत असलेला रोध दाखवून उत्तर तपासावे. ही पद्धत फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरसाठी आहे. तीन किंवा जास्त वायरींच्या कपलरवर, किंवा जिथे १२ व्होल्ट येतात अशा कपलरवर ती कधीही वापरू नये, अन्यथा ईसीयूचा पुरवठा शॉर्ट होईल. इंजिन बंद, चावी ऑन, कपलर मोकळा, अशा स्थितीत स्कॅनरने उणे ४० अंशांच्या आसपास दाखवायला हवे. दोन्ही मादी पिनांमध्ये बारीक वायरीने जोड दिल्यास आकडा वरच्या टोकाला, १२० अंशांच्या वर जायला हवा. आणि ३३० ओहमचा रेझिस्टर जोडल्यास, वर सांगितलेल्या प्रकारच्या सेन्सरच्या गाडीत, साधारण ८० अंश दिसायला हवेत. आपल्या गाडीचा तक्ता वेगळा असेल तर सर्व्हिस मॅन्युअलमधील आकडा प्रमाण मानावा. दोष लक्षात येताच काही ईसीयू स्वतःचा पर्यायी आकडा दाखवू लागतात, म्हणून कपलर काढल्याबरोबर, पहिल्या क्षणी आकडा पाहावा.

रेझिस्टरवर ८० ऐवजी ६५ अंश दिसले, तर दोष मादी पिना, त्यामागची वायर किंवा सेन्सरची अर्थ (परतीची) वायर यांत आहे आणि सेन्सर विकत घेण्याचे कारण उरत नाही. आकडा बरोबर आला, तर संशय सेन्सरवर आणि त्याच्या नर पिनांवर जातो. मग सेन्सरचा रोध थंड असताना आणि गरम असताना असा दोनदा मोजावा. फक्त थंड मापनावर विसंबू नये.

या सगळ्या मापनांत मल्टीमीटरची जाड टोके मादी पिनेत खुपसू नयेत. मादी पिनेची पकड पातळ स्प्रिंगसारख्या पत्र्यावर अवलंबून असते. तो पत्रा एकदा फाकला की पुढे नेहमी सैल राहतो आणि तपासणीमुळेच नवा दोष तयार होतो. मी त्याच मापाच्या दोन नर पिनांना वायर जोडून तयार केलेली तपासणीची जोडी वापरतो. ती नसेल तर कपलरच्या मागच्या बाजूने, वायरच्या सीलला न फाडता, बारीक सुईने स्पर्श करावा.

साफसफाई

कळंक पृष्ठभागापुरता असेल तर साफसफाईने काम होते. बॅटरीची ऋण बाजू सोडवावी, प्लास्टिकला चालणारा कॉन्टॅक्ट क्लीनर दोन्ही बाजूंना मारावा, आणि नर पिनांसाठी नायलॉनचा मऊ ब्रश, मादी पिनांसाठी दातांच्या फटींत घालतात तसा अतिशय बारीक ब्रश वापरावा. पुन्हा फवारून मळ धुऊन काढावा आणि कपलर पूर्ण वाळू द्यावा. नंतर तो पाच-सहा वेळा बसवून काढावा. बसवताना पिना एकमेकींवर घासल्या जाऊन उरलेला पातळ थर निघतो.

सँडपेपर, कानस किंवा चाकू वापरू नये. पिनेवरची कल्हई काही मायक्रॉनचीच असते. ती खरवडल्यावर पिन दोन दिवस चकचकीत दिसते आणि मग आधीपेक्षा लवकर हिरवी पडते. ब्रेक क्लीनर काही प्लास्टिक आणि रबर खराब करतो. व्हिनेगर किंवा लिंबाने कळंक नक्कीच निघतो, परंतु राहिलेले आम्ल वायरच्या पेडांमध्ये शिरून आतून काम करत राहते, म्हणून बंद कपलरमध्ये मी ते कधीच वापरत नाही.

डायइलेक्ट्रिक ग्रीस विजेचे वहन करत नाही; त्याचे काम पाणी आणि हवा बाहेर ठेवणे एवढेच आहे. रबरी सीलवर आणि पिनांवर त्याचा अत्यंत पातळ हात पुरेसा असतो. कपलर ग्रीसने गच्च भरल्यास आत दाबली गेलेली हवा तो पूर्ण बसू देत नाही आणि लॉक अर्धवट राहते. धुरातील ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या कपलरमध्ये मात्र हे ग्रीस किंवा क्लीनर घालू नये. अनेक ऑक्सिजन सेन्सर संदर्भासाठी लागणारी हवा आपल्या वायरींतून आणि कपलरमधून घेतात, आणि सिलिकॉनची वाफ त्यांना निकामी करते.

पिनेची पकड आणि वायरचा आतला भाग

साफ केलेला कपलर आठवड्याभरात पुन्हा त्रास देऊ लागला, तर पकड सैल आहे असे समजावे. त्याच मापाची एक नवी नर पिन प्रत्येक मादी पिनेत घालून बाहेर काढावी. चांगल्या पिनेत हाताला स्पष्ट अडकण जाणवते. नर पिन स्वतःच्या वजनाने गळून पडत असेल तर ती मादी पिन बदलावी. टाचणीने पत्रा वाकवून पकड वाढवणे हा घरी पोहोचण्यापुरता उपाय आहे, दुरुस्ती नव्हे.

पिन बदलण्यासाठी मागचे लॉक काढून, योग्य मापाच्या पिन काढण्याच्या अवजाराने आतली जीभ दाबून ती मागे ओढावी लागते. पिन निघाल्यावर वायरचे टोक सोलून पाहावे. तांबे लालसर, चकचकीत असेल तर तिथेच नवी पिन क्रिम्प करावी, म्हणजे तिचे पंख वायरवर दाबून घट्ट बसवावेत. तांबे काळे किंवा हिरवे असेल तर चमकदार तांबे मिळेपर्यंत मागे कापत जावे. काळ्या पेडांवर केलेले क्रिम्पिंग टिकत नाही. नव्या पिनेचे पुढचे पंख तांब्यावर आणि मागचे पंख वायरच्या आवरणावर किंवा सीलवर बसले पाहिजेत, आणि त्यासाठी त्या पिनेची क्रिम्पिंग पक्कडच हवी. साध्या पकडीने चेपलेली पिन सुरुवातीला चालते, पण थरथरीने सैल होते.

कपलरच वितळला असेल, किंवा वायर फार मागे कापावी लागली असेल, तर वायरींसह मिळणारा नवीन कपलर जोडावा. वायरची जाडी मूळ वायरइतकीच असावी. सेन्सरच्या वायरी बहुधा ०.५ किंवा ०.७५ चौरस मिलिमीटरच्या असतात. दोन वायरींचे सांधे एकाच जागी न घेता तीन-चार सेंटिमीटरच्या अंतराने मागे-पुढे घ्यावेत आणि प्रत्येक सांध्यावर आतून गोंद असलेली हिटश्रिंक (गरम केल्यावर आकसणारी) नळी बसवावी. इंजिनावर सोल्डरिंगपेक्षा मला चांगले क्रिम्पिंग जास्त विश्वासाचे वाटते, कारण सोल्डर जिथे संपते तिथे वायर कडक होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते. इंजिनाचे फिरणे मोजणाऱ्या क्रँक सेन्सरच्या कपलरचे काम करताना एक जास्तीची काळजी घ्यावी: त्याच्या वायरी एकमेकींना पिळलेल्या किंवा जाळीत गुंडाळलेल्या असतील, तर जोडानंतर तो पीळ आणि ती जाळी शक्य तितक्या कपलरपर्यंत पूर्ववत करावी, नाही तर आजूबाजूचा विद्युत गोंगाट सिग्नलमध्ये मिसळतो.

पाणी आले कुठून

हा प्रश्न सोडून दिला तर वरची सगळी मेहनत एका ऋतूपुरती ठरते. वायर वरून उतरत थेट कपलरमध्ये शिरत असेल, तर पाणीही त्याच वाटेने उतरते. अशा वेळी वायर आधी कपलरच्या पातळीखाली नेऊन मग वर वळवावी, म्हणजे थेंब त्या खालच्या वळणावरच गळून पडतात. जोरदार फवाऱ्याने इंजिन धुणे हे दुसरे मोठे कारण आहे, कारण सील शिंतोड्यांसाठी असतात, जवळून मारलेल्या दाबाच्या धारेसाठी नसतात. कपलरमध्ये पिनांची वापरात नसलेली घरे असतील तर त्यांतील रबरी बूच जागेवर आहे का तेही पाहावे.

दुरुस्तीनंतर इंजिन पूर्ण गरम करून कपलर हलवण्याची तपासणी पुन्हा करावी, पंखा अपेक्षित तापमानाला लागतो का ते उभ्या गाडीवर डोळ्यांसमोर पाहावे, आणि पाच-सहा आठवड्यांनी कपलर एकदा उघडून पिना कोरड्या आहेत याची खात्री करावी. बॅटरी सोडवली असल्यास पहिले काही किलोमीटर आयडलिंग किंचित वेगळे वाटू शकते. ईसीयू आपली जुळणी पुन्हा शिकत असतो.

कुठे थांबावे

तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे गेला असेल, कूलंट उकळले असेल किंवा पंखा लागतच नसेल, तर तपासणीसाठीही इंजिन पुन्हा चालवू नये. गाडी उचलून न्यावी. वायरच्या आवरणाखाली कूलंट झिरपलेले आढळले, तर ते पेडांमधून वर चढत थेट ईसीयूच्या कपलरपर्यंत गेलेले असू शकते. ईसीयूच्या पिनांवर हिरवा थर किंवा ओल दिसली की तिथे हात लावू नये, कारण त्या पिना फार बारीक असतात आणि एक मोडली तर बहुधा संपूर्ण ईसीयू काढावा लागतो. वायरिंगचे आवरण जळाले किंवा वितळले असेल तर तो कळंकाचा प्रश्न राहिलेला नाही, शॉर्ट सर्किटचा आहे.

पिवळ्या कपलरांना, म्हणजे एअरबॅगच्या परिपथाला, आणि हायब्रिड किंवा विजेवरील गाड्यांतील नारिंगी केबलींना कोणत्याही परिस्थितीत स्वतः उघडू नये. पहिल्यांत एअरबॅग फुटण्याचा आणि दुसऱ्यांत जीव जाण्याचा धोका आहे. गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापण्यापूर्वीच अधिकृत केंद्राकडे न्यावी. आणि स्वच्छ पिना, घट्ट पकड, चमकदार तांबे आणि बरोबर उत्तर देणारा सेन्सर एवढे सगळे असूनही आकडा उडत असेल, तर दोष वायरिंगच्या आतल्या सांध्यात, सेन्सरच्या अर्थमध्ये किंवा ईसीयूत आहे. तो शोधायला त्या गाडीचा वायरिंगचा नकाशा आणि सराव असलेला ऑटो इलेक्ट्रिशियन हवा. त्याच्याकडे जाताना सुरुवातीचे कोड, सकाळचे दोन्ही तापमानांचे आकडे, रेझिस्टरवर आलेले उत्तर आणि कपलर नेमका कोणत्या बाजूने दाबल्यावर आकडा बदलतो, हे लिहिलेला कागद सोबत द्यावा. त्यामुळे त्याला सेन्सर बदलण्यापासून सुरुवात करावी लागत नाही.